माणिकबागेचा जर्मन वास्तुकार

वाशीमच्या बायकांना इंदूर काही परकं नाही. मीटरगेज होती तोवर पूर्णेकडून आलेली गाडी वाशीम, अकोला, खंडवा करत थेट इंदूरला जायची. कुणाचं माहेर तिकडचं, कुणाची नणंद तिकडे दिलेली. इंदूरला गेलं की राजवाडा, होळकरांच्या छत्र्या, सराफ्यातलं खाणं एवढं ठरलेलं. माणिकबाग मात्र आपल्यापैकी फार कमी जणींनी पाहिली असेल. नाव ऐकून झाडं-कारंजी डोळ्यांपुढे येतात, पण हा आहे होळकरांचा महाल. आणि तो बांधला बर्लिनच्या एका तरुण जर्मनानं!

त्याचं नाव एकार्ट मुथेसिउस. जन्म १९०४ चा. वडील हरमान मुथेसिउस जर्मनीतले नावाजलेले वास्तुकार. आई आना आधी गायिका होती. पोट आवळून बांधायच्या त्या काळच्या कपड्यांविरुद्ध तिनं १९०३ मध्ये पुस्तकच लिहिलं. बाईनं आपल्या सोयीचे कपडे आपणच ठरवावेत, हे तिचं सांगणं. आधी सोय, मग शोभा, हे या मुलानं घरातच पाहिलं होतं. १९२७ मध्ये वडील ट्रामच्या अपघातात गेले आणि तेविशीतल्या एकार्टला आपली वाट आपण शोधणं भाग पडलं.

ती वाट इंदूरला येईल असं कुणाला वाटलं असतं? इंग्लंडात ऑक्सफर्डला त्याची ओळख यशवंतराव होळकरांशी झाली. यशवंतराव त्याच्याहून चार वर्षांनी लहान. वडील तुकोजीरावांना बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये गादी सोडावी लागली, तेव्हा ती या सतरा वर्षांच्या मुलाकडे आली. पत्नी संयोगिताराजे कागलच्या घाटग्यांची लेक. १९२४ मध्ये लग्न झालं तेव्हा ती जेमतेम दहा-अकरा वर्षांची. घराचं काम सुरू झालं १९३० च्या सुमारास. म्हणजे राजा बाविशीचा, राणी सोळा-सतराची आणि घर बांधणारा सव्वीस वर्षांचा. तिघांनी मिळून संसार थाटायला घेतला म्हणा ना!

राजाचं घर म्हटलं की घुमट, कमानी, झुंबरं आलीच. मुथेसिउसनं यातलं काहीच केलं नाही. सरळ रेषांची, नक्षी नसलेली, इंग्रजी यू अक्षरासारखी इमारत काढली. उन्हाचा त्रास नको म्हणून पुढे आलेलं छप्पर, रंगीत काचा, शिवाय वातानुकूलन. त्या काळात! बरंचसं सामान जर्मनीत बनवून जहाजानं मुंबईला आणलं. त्यानं खोल्यांची रंगीत चित्रं काढून ठेवली होती. दिवा कुठे, खुर्ची कुठे, गालिचा कसा, सगळं ठरलेलं. वाचनालयातल्या लाल आरामखुर्च्यांना तर दिवे खुर्चीतच बसवलेले. वाचताना पुस्तकावर आपलीच सावली पडायला नको! मला सगळ्यात आवडली ती हीच गोष्ट. आपल्याकडे लाखोंचं घर बांधतात आणि बाईला विचारतात ते ओट्याची उंची किती ठेवू एवढंच.

राजा-राणीचे पलंग होते काच आणि धातूचे. ते तयार करणाऱ्या फ्रेंच जोडीतली एक बाई होती, शार्लोत आलिक्स. एक खुर्ची आली आयलीन ग्रे हिच्याकडून, तीही बाईच. महाल उभा राहिला १९३३ मध्ये. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि अशाच नव्या वळणाची घरं शिकवणारी बाउहाउस ही शाळा बर्लिनमध्ये बंद पडली. मायदेशात नकोशी झालेली कला माळव्यात मात्र उभी राहिली होती. राजानं मग मुथेसिउसकडून रेल्वेचा सलून डबा आणि विमानाचा आतला भागही करून घेतला.

संयोगिताराजेंना या घरात फार दिवस लाभले नाहीत. घर पूर्ण झालं त्याच वर्षी मुलगी उषाराजे झाली आणि चारच वर्षांनी, १९३७ च्या जुलैत, स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं. पंचविशीही गाठली नव्हती. दोघांच्या मनात ध्यानासाठी एक मंदिर होतं. ते ब्रांकुशी या थोर शिल्पकारानं करायचं होतं. तो इंदूरला आलासुद्धा, पण राणी गेल्यानंतर. मंदिर झालंच नाही. फ्रान्सच्या एका चित्रकारानं काढलेल्या चित्रात संयोगिताराजे मराठी पेहरावात बसलेल्या दिसतात. पॅरिसच्या फॅशनमधले त्यांचे फोटो आहेतच. मला हे चित्र जवळचं वाटतं.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि मुथेसिउसचं इंदूरचं काम संपलं. पुढे बर्लिनमध्ये तो पन्नास वर्षं जगला, पण जगानं त्याला ओळखलं ते माणिकबागेमुळेच. यशवंतराव १९६१ मध्ये गेले. १९८० मध्ये मोनॅको इथे माणिकबागेतल्या सामानाचा लिलाव झाला आणि ज्या खुर्च्या एका जोडप्यासाठी बेतल्या होत्या त्या देशोदेशीच्या श्रीमंतांकडे गेल्या. तेव्हा मुथेसिउस हयात होता. तो वारला १९८९ मध्ये. २०१९ मध्ये पॅरिसच्या एका संग्रहालयानं त्यातलं बरंच सामान प्रदर्शनासाठी पुन्हा एकत्र आणलं. लोकांनी ते आवर्जून पाहिलं, पण ज्या खोल्यांसाठी ते केलं होतं त्या खोल्या इंदूरलाच राहिल्या.

महाल अजून उभा आहे. तिथे केंद्र सरकारच्या कर खात्याचं कार्यालय आहे. इंदूरला जाल तेव्हा राजवाडा-सराफा झाल्यावर रिक्षावाल्याला माणिकबाग सांगून पाहा. सरकारी जागा आहे, तेव्हा आत जायचं तर आधी विचारून घ्या.