दुसरा फ्लॅट घेताना भाड्याचा हिशेब आधी

घरात गुंतवणूक करायची म्हटले की बोलणे भाव किती वाढेल यावरच येते. माझ्या मते सुरुवात भाड्यापासून करावी. समजा, पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट घेतला. ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार धरता तो जवळपास ८६ लाखांना पडतो. महिना २० हजार भाडे आले, तरी वर्षाचे होतात २ लाख ४० हजार, म्हणजे तीन टक्केही नाहीत. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकत कर आणि भाडेकरूविना जाणारा एखादा महिना वजा करायचा. गृहकर्जाचे व्याज याहून बरेच जास्त असते, त्यामुळे हप्त्याचा मोठा भाग पगारातूनच जातो.

भाव वाढला की सगळे भरून निघेल, असे कुणी म्हणेल. निघेलही, पण ती वाढ घर विकल्यावरच हाती येते, आणि घाईची विक्री भाव पाडते. बांधकाम सुरू असलेले घर स्वस्त पडते हेही खरे, मात्र ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य. २०१६च्या रेरा कायद्याने ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बिल्डरला बंधनकारक केले, तरी प्रकल्प रखडू शकतो. म्हणून नवख्याने भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले, भाडेकरू सहज मिळेल असे छोटे घर आधी पाहावे.