गर्भधारणापूर्व आरोग्यसिद्धता

गर्भधारणापूर्व आरोग्यसिद्धता : गर्भ राहण्यापूर्वी स्त्रीच्या, व आवश्यक तेथे तिच्या पतीच्या, प्रकृतीची तपासणी करून आढळलेले दोष शक्य तितके दूर करणे किंवा आटोक्यात आणणे, चालू औषधांत योग्य ते फेरबदल करणे आणि पोषणातील उणिवा भरून काढणे, यांस ही संज्ञा लावतात. मधुमेह, अतिरिक्त रक्तदाब, हृद्रोग, अपस्मार, अवटू ग्रंथीचे विकार, रक्तक्षय इ. विकार असलेल्या स्त्रीच्या बाबतीत या सिद्धतेला विशेष महत्त्व आहे. असा विकार असणे म्हणजे मातृत्वाला बंदी, हा समज बहुतेक प्रसंगी चुकीचा असतो. मात्र विकार ताब्यात असताना राहिलेला गर्भ आणि ताब्यात नसताना राहिलेला गर्भ यांच्या भवितव्यात मोठा फरक पडतो.

गर्भधारणेपूर्वीच तयारी का : अंडाचे निषेचन झाल्यावर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यांच्या काळात भ्रूणाची बहुतेक इंद्रिये आकार घेतात. ज्या तंत्रिका नालापासून मेंदू व मेरुरज्जू बनतात, ती निषेचनानंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे स्त्रीच्या ध्यानी येते तेव्हा निषेचनाला साधारणतः दोन आठवडे होऊन गेलेले असतात. प्रसूतिपूर्व तपासणीसाठी ती दुसऱ्या वा तिसऱ्या महिन्यात रुग्णालयात जाते, तोवर इंद्रियरचनेचा मुख्य भाग पुरा झालेला असतो. रक्तातील वाढलेली साखर, अपायकारक औषध किंवा जीवनसत्त्वाची न्यूनता यांमुळे व्हावयाची हानी त्यानंतरच्या उपचारांनी भरून निघत नाही.

ऐतिहासिक : गर्भ राहण्यापूर्वीच्या तयारीची कल्पना जुनी आहे. सुश्रुतसंहितेत ऋतू, क्षेत्र, अंबू व बीज हे चार घटक अनुकूल असतील तरच गर्भ नीट संभवतो, असे प्रतिपादन आहे. आधुनिक वैद्यकात या विषयाला चालना देणारे काही शोध विसाव्या शतकात लागले. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी गर्भारपणाच्या आरंभी मातेस झालेला रुबेला (जर्मन गोवर) आणि अर्भकातील जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध दाखवून दिला. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे औषध गर्भिणींनी घेतल्यामुळे जगभर हजारो बालके हातापायांच्या विकृतींसह जन्मली. १९६१ मध्ये ते तेथील बाजारातून काढून घेण्यात आले. मातेने घेतलेली औषधे वारेतून गर्भापर्यंत पोहोचून त्यास अपाय करू शकतात, हे या घटनेने सर्वांच्या मनावर बिंबविले.

फॉलिक अम्लाच्या शोधाचा मुंबईशी निकटचा संबंध आहे. ब्रिटिश वैद्य ल्यूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवतींत आढळणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. या विकारात तांबड्या कोशिका आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या असत. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक फॉलिक अम्ल हा असल्याचे पुढे निश्चित झाले. ज्यांचे आधीचे अपत्य तंत्रिका नालेच्या दोषाने युक्त होते, अशा स्त्रियांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज ४ मिग्रॅ. फॉलिक अम्ल घेतल्यास तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, असे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या चाचणीत १९९१ मध्ये दिसून आले. आता गर्भधारणेची इच्छा असलेल्या प्रत्येक स्त्रीस आधी किमान एक महिना व नंतर तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल घेण्याचा सल्ला दिला जातो. मधुमेह असलेल्या किंवा अपस्मारावरील काही औषधे घेणाऱ्या स्त्रियांना वैद्य अधिक मात्रा सुचवितात.

विशिष्ट विकार : (१) मधुमेह : इंद्रियरचनेच्या काळात साखर अनियंत्रित असल्यास गर्भाचे हृदय व मेरुरज्जू यांच्या विकृतींचा आणि गर्भपाताचा संभव वाढतो. मागील दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारे ग्लायकोसिलित हीमोग्लोबिन, साखर धोकादायक पातळीपर्यंत न उतरविता शक्य असल्यास, ६·५ टक्क्यांखाली आणावे. ते १० टक्क्यांहून जास्त असेल तर गर्भधारणा लांबणीवर टाकणे हितावह असते. डोळ्यांचा जालपटल व वृक्के यांची तपासणीही आधीच करून घ्यावी लागते [⟶ मधुमेह].

(२) अतिरिक्त रक्तदाब : रक्तदाब उतरविणाऱ्या औषधांपैकी एनालाप्रिल, लोसार्टान व त्यांच्या वर्गातील इतर औषधे गर्भाच्या वृक्कांस अपाय करतात. त्यांऐवजी मेथिलडोपा, लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपीन यांसारखी औषधे योजतात.

(३) हृद्रोग : गर्भारपणात रक्ताचे आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. संधिज्वरामुळे द्विदली झडप अरुंद झालेल्या स्त्रीच्या हृदयास हा भार पेलत नाही. अशी झडप गर्भधारणेपूर्वी फुग्याच्या साहाय्याने रुंद करता येते. कृत्रिम झडप असलेल्या स्त्रीच्या रक्तक्लथनरोधी औषधांची योजनाही आधीच ठरवावी लागते.

(४) अपस्मार : व्हॅल्प्रोएट हे औषध घेणाऱ्या मातांच्या सुमारे १० टक्के अपत्यांत जन्मजात विकृती व ३० ते ४० टक्के अपत्यांत बौद्धिक विकासाच्या अडचणी आढळल्या आहेत. म्हणून शक्य तेथे लॅमोट्रिजिन वा लेव्हेटिरासिटॅम यांसारखे औषध गर्भ राहण्यापूर्वी काही महिने सुरू करून झटके आवरतात की नाही, हे पाहतात.

(५) अवटू ग्रंथीची न्यूनक्रियता : गर्भारपणात थायरॉक्सिनाची गरज लवकरच वाढते. त्यामुळे रक्ताची तपासणी करून मात्रा आधीच योग्य करावी लागते.

(६) रक्तक्षय : २०१९–२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोहाचा साठा रिकामा असताना गर्भ राहिल्यास पुढील काही महिन्यांत तो भरून काढणे अवघड जाते आणि प्रसूतीतील बेताचा रक्तस्रावही अशा स्त्रीस प्राणघातक ठरू शकतो. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवणे हाही या तयारीचाच भाग होय.

आनुवंशिक विकार : विदर्भात व सातपुड्यातील आदिवासींत दात्रकोशिका रक्तक्षय बऱ्याच प्रमाणात आढळतो. पती व पत्नी दोघेही त्याचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य रोगी असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्ती बहुधा निरोगी दिसते, त्यामुळे दोघांचीही रक्ततपासणी आवश्यक ठरते. रोगी अपत्याचा दोष केवळ मातेस देणे शास्त्रास धरून नाही.

इतर तयारी : रुबेलाची लस घेतलेली नसल्यास ती आधी घेऊन नंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळतात. तंबाखू कोणत्याही रूपाने गर्भास घातक आहे. ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रिया दातांस लावतात ती मिशरी निरुपद्रवी मानली जाते. परंतु तीही भाजलेली तंबाखूच असल्याने सोडावी लागते. पतीच्या धूम्रपानाचा धूरही वर्ज्य होय. विकार आटोक्यात येईतो संततिनियमनाचे साधन वापरावे लागते. त्याची निवडही विकार पाहून करतात, उदा., रक्तदाब वाढलेल्या स्त्रीस ईस्ट्रोजेनयुक्त गोळ्या योग्य नसतात, तांबी मात्र चालू शकते.

मर्यादा : फुप्फुसातील रोहिण्यांचा अतिरिक्त रक्तदाब किंवा हृदयाची अत्यंत क्षीण कार्यशक्ती अशा मोजक्या अवस्थांत गर्भारपण मातेच्या जिवावर बेतते. तेव्हा ते टाळण्याचा स्पष्ट सल्ला देणे हे वैद्याचे कर्तव्य असते. निर्णय त्या स्त्रीचाच असतो. संपूर्ण सिद्धता करूनही निर्दोष अपत्याची हमी देता येत नाही, कारण निरोगी दांपत्यांच्याही शंभरांपैकी दोन-तीन अपत्यांत काही जन्मजात दोष असतो. शिवाय अनेक गर्भारपणे ठरविल्यावाचूनच येतात. तयारीवाचून गर्भ राहिल्याचे कळताच भीतीने चालू औषधे परस्पर बंद करणे, ही नेहमी होणारी चूक आहे. अपस्माराचे औषध अचानक थांबविल्यास येणारा दीर्घ झटका आणि इन्शुलीन थांबविल्यास होणारी अम्लरक्तता माता व गर्भ या दोघांच्याही जिवास धोका निर्माण करते. अशा वेळी औषध चालू ठेवून त्वरित वैद्याकडे जाणे आणि बदल त्याच्याच देखरेखीखाली करणे इष्ट असते.