बिल थकले, तरी पुरवठादार गप्प का? उत्तर ‘गेम थिअरी’त

माल वेळेत पोहोचला, तपासणीत पासही झाला. पण 90 दिवस उलटले तरी पैसे नाहीत. भोसरी, तळवडे, चाकण एमआयडीसीतील लघुउद्योजकांना हा अनुभव नवा नाही. कायदा बाजूने असूनही अनेक जण तक्रार टाळतात. का, ते समजून घेऊया.

गेम थिअरी म्हणजे काय?

आपल्या निर्णयाचा परिणाम समोरच्याच्या निर्णयावरही अवलंबून असतो, तेव्हा दोघे काय करतील याचा हा गणिती अभ्यास. जॉन नॅश यांनी 1950 मध्ये यातील ‘समतोल’ मांडला. एकट्याने निर्णय बदलून कोणाचाच फायदा होत नाही, अशी ही स्थिती. ती सर्वांच्या भल्याची असेलच असे नाही.

हक्क आहे, मग अडते कुठे?

2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

समजा, 10 लाखांचे बिल दीड महिना उशिरा मिळाले. व्याज काही हजारांचे. पण ते मागितले तर वर्षभराच्या ऑर्डर जाण्याची भीती. कंपनीलाही हे ठाऊक असते. त्यामुळे तक्रारीचा इशारा पोकळ ठरतो. कंपनी उशीर करते, पुरवठादार गप्प बसतो, हाच समतोल.

सगळ्यांनी एकत्र तक्रार केली तर? त्यात सर्वांचा फायदा आहे. पण ‘मी बोललो आणि शेजारच्याने ऑर्डर उचलली तर?’ ही शंका प्रत्येकाला मागे खेचते.

डाव कसा बदलला?

2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम 43 बी (एच) आणले. ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झाले. मुदत चुकली आणि 31 मार्चपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर कंपनीला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही. पैसे देईल त्या वर्षी मिळते. कराचा दर 25 टक्के धरला, तर 10 लाखांच्या थकबाकीवर त्या वर्षी अडीच लाखांचा जादा कर.

महत्त्वाचे म्हणजे यासाठी पुरवठादाराला तक्रार करावी लागत नाही. उशिराची किंमत आपोआप मोजावी लागते.

खेळी अजून बाकी

नियम बदलला की समोरचाही चाल बदलतो. हे कलम मध्यम उद्योगांना लागू नाही. त्यामुळे काही ऑर्डर त्यांच्याकडे वळण्याचा धोका राहतो. शिवाय मार्चअखेर हिशेब चुकता झाला तर वजावट वाचते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतील बिलांना या कलमाचा धाक कमीच.

लघुउद्योजकांनी काय करावे?

- उद्यम नोंदणी करा. तिचा क्रमांक बिलावर छापा.
- माल स्वीकारल्याची तारीख लेखी घ्या. मुदत त्यावरूनच मोजली जाते.
- लेखी करार नसेल, तर मुदत 45 नव्हे, 15 दिवसांची असते, हे लक्षात ठेवा.