पालखी मार्गावरचे शेळगाव

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगर, लासुर्णे, अंथुर्णे मागे पडतात आणि निमगाव केतकीच्या अलीकडे शेळगाव लागते. उसाच्या पट्ट्यातले हे गाव संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवरचे. पाटस ते तोंडले-बोंडले या सुमारे 130 किलोमीटर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला 8 नोव्हेंबर 2021 रोजी बसली आणि वारकऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र पायवाट आराखड्यात आली. रस्ता रुंद झाला की दुचाकी आणि मोटारी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणूनच धूर कमी करण्याचा विचार इथे आत्ताच व्हायला हवा, आणि त्याची सुरुवात घरोघरच्या विजेच्या दुचाकीपासून नव्हे, तर एसटीपासून व्हावी.

याचे कारण या भागाच्या रचनेतच आहे. बाजार, कॉलेज, दवाखाना, एमआयडीसी आणि कचेऱ्या बहुतेक बारामती किंवा इंदापूरला, आणि मधली मोठी गावे जवळजवळ एकाच रस्त्यावर ओवलेली. अंतर सुमारे 50 किलोमीटर, दोन्ही टोकांना एसटीचे आगार. विजेच्या बससाठी याहून सोयीचा मार्ग शोधूनही सापडणार नाही, कारण चार्जिंगची सोय दोनच ठिकाणी करावी लागते. 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या ‘शिवाई’ या एसटीच्या विजेच्या बसने यापेक्षा दुपटीहून लांब पल्ला पेलून दाखवला आहे. पण नुसती बस आणून भागणार नाही. माणसे उसाच्या रानातल्या वस्त्यांवर राहतात. वस्तीपासून फाट्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर तुटक आहेत, म्हणून तरुण मोटारसायकलला किक मारतो ती थेट बारामती गाठण्यासाठीच. ही फट काही प्रमाणात वडापने, म्हणजे प्रवासी गोळा करत धावणाऱ्या खासगी गाड्यांनी भरते. ते वडाप विजेच्या तीनचाकीवर आले, तर बसला प्रवासी मिळतील. आणि अशी आपे रिक्षा तर बारामतीच्याच पियाजिओ कारखान्यात तयार होते. आफ्रिकेतल्या काही वाढत्या शहरांनीही भाड्याच्या आणि सार्वजनिक गाड्यांपासूनच सुरुवात केली आहे: किगालीत भाड्याच्या मोटारसायकलींना बदलत्या बॅटऱ्या मिळाल्या, तर नैरोबीत बसमालक बॅटरीचे पैसे धावलेल्या किलोमीटरप्रमाणे भरतात. बस महाग पडते या आक्षेपाला नैरोबीची ही पद्धत चांगले उत्तर आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आपली बरीचशी वीज कोळशाचीच, मग धूर फक्त औष्णिक केंद्राकडे सरकला ना? काही अंशी खरे आहे. तरीही चाळीसेक माणसे एका बसमध्ये बसली, तर तितक्याच दुचाक्यांचे इंधन वाचते. बस डिझेलची असली तरी हा फायदा उरतोच. त्यामुळे विजेच्या गाड्यांची वाट पाहत फेऱ्या वाढवणे लांबवू नये. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाल्यावर राज्यभर एसटीकडे प्रवासी वळले. तिकीट परवडले आणि फेरी वेळेवर असली, तर लोक बस सोडत नाहीत.

राहिली ती वारकऱ्यांची पायवाट. पालखी गेल्यावर उरलेले वर्षभर तिच्यावरून शाळेची मुले सायकलने जाऊ शकतात. पावित्र्याला धक्का लागेल ही भीती मला पटत नाही. पायी चालण्याचा मान राखणाऱ्या परंपरेला सायकलस्वार परका नाही. धोका आहे तो उलट्या दिशेने घुसणाऱ्या मोटारसायकलींचा आणि उसाच्या ट्रॉल्या उभ्या करण्याचा, आणि तो अडथळे बसवून व दंड करून रोखावा लागेल. शेळगावपासून निमगाव केतकीपर्यंतच्या ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत वेळेवर फेऱ्या, बारामती व इंदापूर आगारांत चार्जिंग आणि मोकळी पायवाट या तीन मागण्यांचा ठराव करून एसटी आणि महामार्ग प्राधिकरणाकडे धाडावा.