प्रेम ‘फॉर’, विश्वास ‘इन’ आणि बंदी ‘ऑन’

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याला लागलं की बख्शी का तालाब लागतं. इथं हवाई दलाचा तळ आहे आणि तळाबरोबर येणारी बदलीवरची घरंही आहेत. त्यातल्याच एका क्वार्टरमध्ये माझी मावसबहीण राहते. ताईचे यजमान हवाई दलात आहेत. पुण्याहून बदली झाली, तेव्हा ताईची शाळेतली नोकरी सुटली. इथं आल्यावर तिनं जवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अर्ज केला. बी.एस्सी., बी.एड. आणि आठ वर्षांचा अनुभव असल्यामुळे काम होणार अशी सगळ्यांची खात्री होती.

नमुना पाठाच्या दिवशी ताईनं फळ्यावर पहिलंच वाक्य लिहिलं, ‘वुई विल डिस्कस अबाउट द कॉजेस फॉर वॉटर पोल्यूशन.’ पाठ छान झाला. पण निघताना तिला सांगण्यात आलं, ‘विषय उत्तम आहे, इंग्रजीवर मेहनत घ्या.’ एका वाक्यात दोन चुका होत्या, ‘अबाउट’ नको होता आणि ‘फॉर’च्या जागी ‘ऑफ’ हवा होता. ताई चार दिवस कुणाशी धड बोलली नाही.

मी सुटीत तिच्याकडे गेले, तेव्हा घरात मलिहाबादच्या दसेरी आंब्यांचा घमघमाट होता आणि ताई व्याकरणाचं पुस्तक उघडून बसली होती. ‘अगं, काळ चुकत नाहीत, स्पेलिंग चुकत नाही. ही चिमूटभर अक्षरंच मला खाली पाडतात,’ ती म्हणाली.

तिची सहावीतली मुलगी तेवढ्यात बाहेरून धावत आली. ‘मावशी, मला त्या कुत्र्यापासून भीती वाटते!’ आम्ही दोघी हसलो. मराठीत ‘कुत्र्याची भीती’ वाटते. पण पोरीचे सगळे सवंगडी हिंदी बोलणारे, त्यांना ‘कुत्ते से डर’ लागतो. तिनं हिंदीतला ‘से’ उचलून मराठीत बसवला. शाळेत तिला ‘फिअर ऑफ डॉग्ज’ म्हणावं लागतं. ताईची फळ्यावरची चूक आणि लेकीची अंगणातली चूक एकाच जातीची होती.

प्रत्येक नामाचा जोडीदार ठरलेला

प्रेमाचंच बघा. मराठी माणसाचं तिच्या‘वर’ प्रेम असतं, हिंदी भाषकाला उस‘से’ प्यार होतं आणि इंग्रज ‘लव्ह फॉर हर’ म्हणतो. भावना एकच, पण वर, पासून आणि साठी असे तीन वेगळे दुवे. यात कुठली भाषा बरोबर, हा प्रश्नच चुकीचा आहे. त्या त्या भाषेत त्या नामानं आपला जोडीदार कधीच निवडून ठेवलेला असतो.

मराठीत हा जोडीदार नामाला चिकटतो आणि नामाचं रूपही बदलतो. घोडा, घोड्यावर. टेबल, टेबलावर. म्हणून आपल्याला तो वेगळा जाणवतच नाही. इंग्रजीत तो नामाच्या आजूबाजूला सुटा उभा असतो. सुटा दिसतो, म्हणून आपल्याला वाटतं की तो आपल्या मर्जीनं बदलता येईल. इथंच घात होतो.

मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं, ही त्या पुस्तकांची पद्धत. तिनं अनेकांचं इंग्रजी पक्कं केलं, हे कबूल करायलाच हवं. पण भाषांतराची सवय एकदा हाडीमाशी मुरली की ‘वर’ दिसला रे दिसला, पेन आपोआप ‘ऑन’ लिहितं.

गंमत म्हणजे पुष्कळदा ते बरोबरही येतं. शहरावर हल्ला, उत्पन्नावर कर, प्लॅस्टिकवर बंदी, प्रकृतीवर परिणाम, सरकारवर दबाव, खर्चावर मर्यादा. इंग्रजीतही अटॅक, टॅक्स, बॅन, इफेक्ट, प्रेशर, लिमिट या सगळ्यांपुढे ‘ऑन’च येतो. जे वरून पडतं, दाबतं किंवा रोखतं, त्याला दोन्ही भाषांनी ‘वर’च मानलं आहे. मग आपण निर्धास्त होतो आणि ‘फेथ ऑन गॉड’ लिहून बसतो. देवावर विश्वास असला तरी इंग्रजीत तो देवा‘त’ असतो. फेथ, बिलीफ, ट्रस्ट, कॉन्फिडन्स या साऱ्यांना ‘इन’ लागतो. सर्दीवरचा उपाय ‘क्युअर फॉर’ होतो आणि प्रश्नावरचा उपाय ‘सोल्युशन टू’.

क्रियापदाच्या गळ्यात नामाचा हार

आता ताईच्या ‘डिस्कस अबाउट’कडे वळू. ही चूक आपल्याकडे एवढी सर्रास होते की मोठमोठे साहेबही बैठकीत ती करतात. ती येते कुठून? ‘डिस्कशन’ या नामापुढे ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ हक्कानं येतो. ‘डिस्कस’ या क्रियापदाला मात्र काहीच लागत नाही. आपण नामाचा हार काढून क्रियापदाच्या गळ्यात घालतो. ‘एम्फसिस ऑन’ बरोबर, म्हणून ‘एम्फसाइज ऑन’ म्हणतो, पण ते चूक. ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ नाम म्हणून बरोबर, पण ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ परीक्षकाला खटकतं. ‘अ व्हिजिट टू आग्रा’ बरोबर, पण ‘वुई व्हिजिटेड टू आग्रा’ चूक. हे एक सूत्र कळलं तेव्हा ताईनं कपाळावर हात मारून घेतला. ‘आठ वर्षं मी मुलांना हे शिकवत होते गं!’

तिला धीर यावा म्हणून एक गोष्ट सांगितली. ‘डिस्कस अबाउट’ केवळ भारतात नाही, नायजेरिया आणि सिंगापूरमध्येही ऐकू येतं. उद्या ते शब्दकोशात जाऊनही बसेल. पण नोकरीचा पाठ आज घ्यायचा असेल, तर आजच्या परीक्षकाचंच ऐकावं, असं मला वाटतं.

कोल्हापूरचे दहा लाख शब्द

माणसं खरोखर कसं लिहितात, हे मोजून बघण्याचं एक मोठं काम महाराष्ट्रातच झालं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा संग्रह तयार केला. 1978 साली भारतात छापल्या गेलेल्या वर्तमानपत्रांतून, कथा-कादंबऱ्यांतून, सरकारी आणि शास्त्रीय लेखनातून सुमारे दोन दोन हजार शब्दांचे 500 उतारे, म्हणजे एकूण दहा लाख शब्द संगणकावर चढवले गेले. 1986 मध्ये हा संग्रह अभ्यासकांसाठी खुला झाला. जगभरचे भाषातज्ज्ञ आजही त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणतात.

त्याचा नमुना अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचा होता. तिथे 1961 सालच्या अमेरिकन छापील इंग्रजीचा असाच संग्रह झाला होता आणि त्याच सालच्या ब्रिटिश इंग्रजीचा दुसरा संग्रह लँकेस्टर, ओस्लो आणि बर्गेनच्या अभ्यासकांनी पुरा केला. तिन्ही शेजारी ठेवले की एखाद्या नामापुढे अमेरिकन, ब्रिटिश आणि भारतीय लेखक कुठलं अव्यय ठेवतात, हे पडद्यावर ओळीनं बघता येतं. कोल्हापूरचे उतारे इतर दोघांपेक्षा सतरा वर्षांनी नवे आहेत, तेवढं भान तुलना करताना ठेवावं लागतं.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाचे जॉन सिंक्लेअर यांनी याच वाटेनं जाऊन 1987 मध्ये कोबिल्ड हा शब्दकोश काढला. घरी बसून रचलेली वाक्यं त्यांनी टाळली, लोकांनी खरंच लिहिलेल्या-बोललेल्या वाक्यांवर कोश उभा केला. याच प्रकल्पातून 1998 मध्ये नामं आणि विशेषणं यांच्या रचनांवर एक जाडजूड ग्रंथ निघाला. त्यातून एक दिलासा मिळतो. हे जोडीदार आपण समजतो तितके लहरी नाहीत. अर्थानं सख्खी असलेली नामं बहुतेक वेळा एकच जोडीदार निवडतात.

हवं-हवंसं वाटणाऱ्या नामांना ‘फॉर’ आवडतो, जसं की डिमांड, नीड, डिझायर, रिक्वेस्ट, सर्च. समोरासमोर उभं राहून दिलेल्या प्रतिसादाला ‘टू’, जसं की आन्सर, रिप्लाय, ऑब्जेक्शन. चढ-उताराला ‘इन’, म्हणजे राइज, फॉल, ड्रॉप, चेंज. शिवाय किमतीतली वाढ ‘इन्क्रीझ इन प्राइस’ असते आणि ती वाढ किती, हे सांगताना ‘ऑफ’ येतो, ‘ॲन इन्क्रीझ ऑफ टेन परसेंट’. अपवाद अर्थातच आहेत. ‘रीझन’ला ‘फॉर’ आणि ‘कॉज’ला ‘ऑफ’ का, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. ते पाठच करावं लागतं.

पाठ कसं करायचं, याची युक्ती आपल्याच घरात आहे. मराठी मूल ‘खुर्ची’ शिकतं, तेव्हा ‘ती खुर्ची’ म्हणूनच शिकतं. तो पंखा, ते टेबल. लिंग मागाहून चिकटवावं लागत नाही. इंग्रजी नामही तसंच, जोडीदारासकट उतरवून घ्यावं. वहीत ‘इंटरेस्ट’ लिहू नका, ‘इंटरेस्ट इन’ लिहा. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशात नामाच्या नोंदीतच हे अव्यय ठळक दिलेलं असतं. ही सोय ज्यांनी रुजवली त्यांतले एक म्हणजे ए. एस. हॉर्नबी. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परक्या मुलांची अडचण रोज वर्गात दिसायची, त्यातूनच त्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत छापला गेला आणि 1948 पासून ऑक्सफर्डनं तो जगभर नेला. आता तर असे कोश मोबाइलवरही मिळतात. फक्त अर्थ बघून पान मिटू नका, खालची दोन वाक्यं वाचा.

ताईनं जुन्या हिशेबाच्या वहीची मागची पानं घेतली. वर्तमानपत्र वाचताना नाम आणि त्याचा जोडीदार दिसला की टिपायचा, रोज पाच. लेकीनंही शेजारी आपला रकाना आखला, मराठी, हिंदी, इंग्रजी. भीतीची, डर से, फिअर ऑफ.

मी परत आल्यावर महिन्याभरानं ताईचा फोन आला. दुसऱ्या एका शाळेनं बोलावलं होतं. ‘मुलाखतीला काय गं लावायचं, ॲट, विथ की फॉर?’ मी सांगायच्या आत तिनंच उत्तर दिलं. ‘थांब, वहीत आहे. इंटरव्ह्यू ॲट द स्कूल, विथ द प्रिन्सिपल, फॉर द जॉब. तिन्ही बरोबर! सोमवारी अकराला आहे.’