घोरणे: कोसळणाऱ्या नळीचे विज्ञान आणि उपचारांची निवड

उद्दिष्टे: हे टिपण वाचल्यावर तुम्हाला (१) घोरण्याचा आवाज का होतो हे सांगता येईल, (२) साधे घोरणे आणि स्लीप ॲप्निया यांतला फरक ओळखता येईल, (३) कोणता उपाय नेमके काय बदलतो हे समजून उपायांची तुलना करता येईल.

१. प्रस्तावना

घोरणारा गाढ झोपलेला असतो आणि शेजारचा जागा असतो. वसतिगृहात हा शेजारी म्हणजे रूममेट, म्हणजे बहुधा तुम्हीच. घरी बऱ्याचदा आई किंवा वडील वर्षानुवर्षे हे सहन करत असतात. "दमून आलेत, म्हणून घोरतात" असे म्हणून विषय संपतो. उलट, स्त्रिया घोरत असतील तर संकोचापायी तो विषय निघतच नाही. यामुळे कधी कधी गंभीर आजार अनेक वर्षे लपून राहतो. घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे कळत नाही. त्याची खरी माहिती शेजारी झोपणाऱ्याकडेच असते.

२. आवाज कसा निर्माण होतो?

श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो. मऊ टाळू आणि जिभेच्या मुळामागचा घसा मात्र मुख्यतः स्नायूंच्या बळावर उघडा राहतो. झोपेत हे स्नायू सैल पडतात. उताणे झोपल्यास जीभही मागे सरकते आणि मार्ग अरुंद होतो.

ओला झालेला कागदी स्ट्रॉ आठवा. जोरात ओढले की तो मध्येच चपटा होतो. घशातही तसेच घडते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो, बर्नुलीच्या तत्त्वानुसार तिथला दाब कमी होतो आणि मऊ भिंती आत ओढल्या जातात. प्रवाह अडला की त्या परत मागे येतात. हे चक्र सेकंदाला अनेक वेळा घडते, टाळू आणि पडजीभ वाऱ्यावरच्या झेंड्यासारखी फडफडतात. ही फडफड म्हणजे घोरणे.

मार्ग थोडा अरुंद झाला तरी परिणाम मोठा होतो. लॅमिनार प्रवाहात गोल नळीचा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या २० टक्के घटली तर विरोध १ ÷ (०.८)⁴ म्हणजे सुमारे २.४ पट होतो. घसा ही काही कडक, गोल नळी नव्हे, पण अंदाजासाठी हे गणित पुरेसे आहे. वजन वाढणे, सर्दी किंवा दारू यांनी घोरणे एकदम का वाढते, हे यावरून लक्षात येते.

३. घोरणे आणि स्लीप ॲप्निया

भिंती फक्त थरथरत असतील तर ते साधे घोरणे. त्या पूर्ण मिटल्या तर छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा आचका बसतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी यातले काहीच आठवत नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला तर त्याला ॲप्निया म्हणतात.

निद्राचाचणीत श्वास थांबण्याच्या किंवा बराच मंदावण्याच्या घटना मोजून दर तासाची सरासरी काढतात. मोठ्यांमध्ये ५ पेक्षा कमी असल्यास सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.

उदाहरण: ७ तासांच्या झोपेत १४० घटना आढळल्या. १४० ÷ ७ = २०, म्हणजे मध्यम ॲप्निया. या माणसाची झोप सरासरी दर ३ मिनिटांनी अडखळते. उच्च रक्तदाब आणि गाडी चालवताना लागणारी डुलकी हे याचे मोठे धोके आहेत.

म्हणून कानात बोळे घालण्याआधी एक-दोन रात्री नीट ऐका. घोरणे मध्येच थांबून शांतता आणि मग आचका, असा क्रम आहे का? दिवसा अनावर झोप, सकाळी डोकेदुखी, रक्तदाब आहे का? असल्यास त्या व्यक्तीला विचारून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि कान-नाक-घसा किंवा छातीविकार तज्ज्ञांना दाखवायला सांगा. चेष्टेसाठी गटावर टाकू नका. एकदा लाज वाटली की माणूस तपासणी टाळतो.

४. उपायांची तुलना

प्रत्येक उपाय नळीची एखादी राशी बदलतो.

(अ) रुंदी: कुशीवर झोपल्याने जीभ मागे पडत नाही. हा फुकटचा उपाय आहे, पण ज्यांचा त्रास उताणे झोपल्यावरच वाढतो त्यांनाच तो पुरतो. वजन जास्त असेल तर ते घटवणे फायद्याचे, मात्र त्याला महिने लागतात. दंतवैद्याने मापाने बनवलेले उपकरण खालचा जबडा पुढे धरते. साध्या घोरण्यात आणि सौम्य-मध्यम ॲप्नियात ते उपयोगी पडते. जबडा दुखणे, दातांची ठेवण बदलणे हे त्याचे तोटे. शस्त्रक्रियेचे यश अडथळा नेमका कुठे आहे यावर अवलंबून असते.

(आ) भिंतीचा ताठपणा: दारू आणि काही झोपेच्या गोळ्या स्नायू आणखी सैल करतात. झोपण्याआधी दारू टाळणे हा पहिला उपाय. गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारा.

(इ) नाकातला विरोध: नाक चोंदले की श्वास जोरात ओढावा लागतो आणि घशातला दाब आणखी घटतो. सर्दी-ॲलर्जीच्या उपचाराने घोरणे कमी होऊ शकते, पण ॲप्निया सहसा एवढ्याने जात नाही.

(ई) आतला दाब: १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅप पद्धत मांडली. मास्कमधून सतत दाबाची हवा जाते आणि घसा आतून उघडा राहतो. दाब साधारण ४ ते २० सेंमी पाण्याइतका असतो. १० सेंमी पाणी म्हणजे सुमारे १ किलोपास्कल, वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग! मध्यम-तीव्र ॲप्नियात हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. अडचण सवयीची असते: मास्क टोचतो, घसा कोरडा पडतो. मास्कचे माप बदलणे आणि हवा दमट करणे यांनी बराच फरक पडतो. यंत्र कपाटात ठेवले तर उपयोग शून्य.

५. शेजाऱ्याची झोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. घोरणे ५०-६० डेसिबल सहज गाठते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केल्यास आवाज ६ डेसिबलने घटतो. खोलीत भिंतींवरून परावर्तन होत असल्याने त्याहून कमी. नीट बसवलेले फोमचे बोळे २०-३० डेसिबल कमी करू शकतात. म्हणजे खाट सरकवण्यापेक्षा बोळे परिणामकारक. पण ते झोपणाऱ्याचे कान वाचवतात, घोरणाऱ्याचा घसा उघडत नाहीत. वेगळ्या खोलीत झोपणेही गैर नाही. फक्त आधी तपासणी होऊ द्या.

६. सारांश

आधी निदान, मग उपाय. साध्या घोरण्यात कूस, वजन, नाक आणि दारू यांपासून सुरुवात करावी. श्वास थांबत असेल तर घरगुती उपायांत महिने घालवू नयेत.

स्वाध्याय

१. त्रिज्या निम्मी झाल्यास विरोध किती पट होईल?
२. ६ तासांत २१० घटना आढळल्यास तीव्रता कोणती?
३. सीपॅप यंत्राचा दाब गरजेपेक्षा कमी ठेवला तर काय होईल? कोसळणाऱ्या नळीच्या आधारे स्पष्ट करा.
४. सुट्टीत घरी गेल्यावर घोरणाऱ्याच्या शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला भाग ३ मधले प्रश्न विचारा.