जेटस्की नुसती ओरडते, पळत नाही? आधी पंप बघा

जयगड : गणपतीपुळ्यासारख्या किनाऱ्यावर चालणाऱ्या जुन्या जेटस्कीची एक तक्रार हमखास असते. इंजिन ओरडतं, पण गाडी पळत नाही. लगेच इंजिन खोलू नका. दोष बहुतेक वेळा मागच्या जेट पंपात असतो.

पंपातला पंखा खालून पाणी ओढून मागे जोरात फेकतो. त्याभोवतीची रिंग वाळूने झिजली की फट वाढते आणि जोर कमी होतो. फीलर गेजने फट मोजा. १ मि.मी.पर्यंत गेली असेल तर रिंग बदला. पाती वाकलीत का, जाळ्याची दोरी अडकलीय का, तेही बघा. ग्रीस पाणी मिसळून दुधाळ झालं असेल तर सील बदला, बेअरिंग तपासा.

हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढाच. पंखा फिरला तर बोटं जातील.

आणि कमरेएवढं पाणी लागल्याशिवाय इंजिन चालू करू नका, नाहीतर नवी रिंगही वाळू खाईल.